स्वतःवर ताबा ठेवायचाय? रोजच्या जगण्यात असं करून बघा

पहिलं म्हणजे हे फक्त आपल्या जिद्दीवर होत नाही, बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (5:22-23) इंद्रियदमन, म्हणजे स्वतःवरचा ताबा, हे पवित्र आत्म्याचं फळ म्हणून सांगितलंय, त्यामुळे सकाळी उठल्यावर मोबाईल हातात घ्यायच्या आधी देवाकडे मागा, आणि मोघम नको, आज नेमकं कुठे घसरायची भीती आहे ते नाव घेऊन सांगा.

राग हा बहुतेकांचा खरा प्रॉब्लेम. याकोब 1:19 म्हणतो ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. म्हणून चिडून टाईप केलेला मेसेज लगेच पाठवूच नका, फोन बाजूला ठेवा, मनात स्तोत्र 141:3 म्हणा, परमेश्वराने तोंडावर पहारा ठेवावा अशी दाविदाची प्रार्थना आहे ती, मग परत वाचा आणि बघा पाठवावासा वाटतो का. घरच्या माणसांशी बोलतानाही हेच, तिथेच तर आपली जीभ जास्त सुटते!

मोहाशी वाद घालत बसू नका. योसेफाच्या मागे त्याचा मालक पोटीफर याची बायको लागली तेव्हा तो सरळ पळाला (उत्पत्ती 39), वस्त्र तिच्या हातात राहिलं तरी थांबला नाही. रात्री नको ते बघितलं जात असेल तर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, ते ॲप काढून टाका. 1 करिंथ 10:13 मध्ये देव सुटकेचा मार्गही देतो असं लिहिलंय, पण तो मार्ग आपल्याला धरावा लागतो ना.

खाणं, खर्च यासाठी अधूनमधून उपास करा, तब्येत सांभाळून.

आणि पडलात तर लपवू नका, 1 योहान 1:9 प्रमाणे देवाजवळ कबूल करा, मंडळीतल्या (चर्चमधल्या) एखाद्या भरवशाच्या माणसाला सांगा आणि त्याला दर आठवड्याला विचारायला लावा.