घरी गाणं रेकॉर्ड करताय? नवा लॅपटॉप घेण्याआधी या चुका टाळा

"आवाजात कडकड येतेय, कोणता लॅपटॉप घेऊ?" ठाणे-नवी मुंबईत घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न. दहातल्या बऱ्याच जणांसाठी उत्तर एकच असतं: कोणताही घेऊ नका, आहे तो नीट वापरा. पण असं सांगितलं की लोक हिरमुसतात, कारण खरेदीचं मन आधीच झालेलं असतं.

कडकड येते कुठून, ते आधी समजून घ्या. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आणि बफर (एका वेळी हाताळायचे नमुने) २५६ वर असेल, तर कॉम्प्युटरला दर ५.३ मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा तुकडा तयार ठेवावा लागतो. एखादा तुकडा उशिरा आला की तिथे खाच पडते, आणि तीच कानाला 'टक्' अशी ऐकू येते. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मशीन मध्येच दोन सेकंद अडखळलं तरी कुणाला कळत नाही. इथे तीन मिलिसेकंदांचा उशीरही टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, वाया घालवतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या मशीनची पहिली कसोटी वक्तशीरपणाची, ताकदीची नंतर.

कडकड आली की रॅम वाढवणं

ही चूक सगळ्यांत महागडी आणि सगळ्यांत जास्त होणारी, म्हणून जरा सविस्तर.

घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या बाजूला राहणाऱ्या एका हौशी गायकाची गोष्ट नमुना म्हणून घ्या. मे महिना. रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद, माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, एसीही बंद. लॅपटॉप गादीवर. पहिला टेक स्वच्छ, दुसऱ्यात अधूनमधून टिचटिच, तिसऱ्यात कडकडाट. त्याने आधी यूएसबी केबल बदलली, मग इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) बदलला, शेवटी ८ जीबीची रॅम १६ केली. कडकड जागच्या जागी. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं की रॅम पाच जीबीच्या वर कधी गेलीच नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो असा.

दोष उष्णतेचा होता. गादीने लॅपटॉपच्या खालची हवेची तोंडं बंद केली होती आणि खोली भट्टीसारखी तापली होती. प्रोसेसर पंच्याण्णव अंशांच्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. साडेतीन-चार गिगाहर्ट्झवर धावणारा प्रोसेसर दीडवर आला, की जे काम पाच मिलिसेकंदांत होत होतं ते होईनासं होतं. खूण लक्षात ठेवा: पहिला टेक चांगला आणि वेळ जाईल तसा बिघडत जाणारा असेल, तर आधी तापमान बघा. रॅम कमी पडली तर लक्षणं वेगळी असतात. प्रोजेक्ट उघडायला वेळ लागतो, सॅम्पल (वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले आवाज) लोड होताना सगळं गोठतं आणि डिस्क शंभर टक्के दाखवत राहते.

उपाय फुकटातले आहेत. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावा. त्यात 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग उतरवणं) समोर 'येस' आलं की निदान झालं. लॅपटॉप टेबलावर घ्या आणि मागच्या बाजूला लाकडाचे दोन ठोकळे देऊन तीन-चार सेंटिमीटर उचला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' शंभरवरून ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल, पण त्यामुळे प्रोसेसरचा वेग आपोआप चढवणारा टर्बो बूस्ट बंद होतो, वेग थोडा कमी पण स्थिर राहतो आणि लॅपटॉपचा पंखाही कमी ओरडतो. दोन टेकच्या मध्ये पाच मिनिटं खोलीतला पंखा लावा, गायकालाही बरं वाटतं. वर्षातून एकदा लॅपटॉप उघडून आतल्या पंख्याची धूळ काढून घ्या. रबाळे-तळोज्यासारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहत असाल तर सहा महिन्यांनी. आणि उन्हाळ्यात गळ्याचं रेकॉर्डिंग पहाटे साडेपाचला उरका. तेव्हा खोली गार असते आणि हायवेही थोडा शांत. झोप मोडते, हे खरं.

तापमान ठीक असूनही कडकड येत असेल तर संशय ड्रायव्हरवर. लेटन्सीमॉन नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ते दहा मिनिटं चालू ठेवा आणि कोणता ड्रायव्हर सगळ्यांत जास्त वेळ अडवून बसतो ते पाहा. नेहमीचे गुन्हेगार दोन: वाय-फाय आणि वेगळं ग्राफिक कार्ड. वाय-फाय बंद करून चाचणी पुन्हा घ्या. लाल पट्टी हिरवी झाली तर रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद, विषय संपला. शिवाय पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद. या दोन गोष्टी केल्याशिवाय कुणी इंटरफेसला नावं ठेवू नयेत.

इंटरफेस घ्यायचा आणि ड्रायव्हर लावायचाच नाही

विंडोजवर इंटरफेस जोडला की आवाज येतो, म्हणून लोक तिथेच थांबतात. कंपनीच्या साइटवरून तिचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोचवणारा) उतरवून तो रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये निवडा. एएसआयओ फोर ऑल हा सर्वांसाठीचा मोफत ड्रायव्हर ज्यांच्याकडे इंटरफेस नाही त्यांच्यासाठी. इंटरफेस असताना तो वापरणं म्हणजे उगाच एक मध्यस्थ घालणं. मॅकवाल्यांना मॅकमध्येच असलेल्या कोअर ऑडिओ या सोयीमुळे ही कटकट सहसा नसते.

एकच बफर जन्मभर

गाताना १२८, मिक्सिंगला १०२४. पहिल्यात एका बाजूचा उशीर ४८ किलोहर्ट्झवर २.७ मिलिसेकंद, दुसऱ्यात २१. जाण्यायेण्याचा मिळून दुप्पट, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा. १०२४ वर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो आणि गायक लय सोडतो. मशीन जुनं असेल आणि १२८ झेपत नसेल तर इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' बटण वापरा. मग बफर काहीही असो, कानात उशीर नाही. मात्र तेव्हा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी येतो आणि लोक त्याला 'रूमचा एको' समजून भिंतीला फोम चिकटवत बसतात. वाद्यांचे ट्रॅक जड झाले असतील तर फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरते तयार आवाजात बदलून ठेवा. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते आणि नवशिके तिला हातही लावत नाहीत.

खोक्यावरची 'किमान गरज' खरी मानणं

किमान गरज म्हणजे सॉफ्टवेअर उघडेल एवढं. त्यात गाणं पुरं होईल असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

खरेदी करायचीच असेल तर प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षराकडे बघा. इंटेलच्या आय सेव्हन १२५५यू मध्ये जोरकस कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) दोनच, बाकी आठ काटकसरी, आणि वीजवापराचा मूळ हिशेब १५ वॅटचा. आय फाइव्ह १२४५०एच मध्ये जोरकस चार आणि हिशेब ४५ वॅटचा. दुकानात 'आय सेव्हन' ऐकून मान डोलावणारा माणूस इथे फसतो. एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन (आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्रॅम) बहुधा एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा टिकून राहणारा वेग जास्त कामाचा.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून जुना लॅपटॉप आणणाऱ्यांनी प्रोसेसरची पिढी विचारून घ्यावी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरना अधिकृतपणे घेत नाही. सातव्या पिढीचा चकचकीत आय सेव्हन स्वस्तात मिळतोय तो त्यामुळेच.

रॅम: गळा, पेटी, तानपुरा आणि एखादा तालाचा लूप एवढंच असेल तर ८ जीबीत भागतं. सर्वसाधारण कामाला १६, तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. व्हायोलिनच्या ताफ्याच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी लावणार असाल तरच ३२. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, तेव्हा तिथे घेतानाच विचार करा. अ‍ॅपलचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लॉजिक प्रो विंडोजवर चालत नाही, हेही मॅक घेण्याआधीच ठरवायचं. विंडोजचा लॅपटॉप घरी आणून मग लॉजिक शोधणारे अजून भेटतात.

डिस्कचा हिशेब तर कुणी करतच नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट लिहितो, म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. एकाच वेळी २४ ट्रॅक रेकॉर्ड केले तरी सेकंदाला साडेतीन एमबी. जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. एसएसडी हवी ती सॅम्पल लायब्ररी पटकन लोड व्हाव्यात आणि डिस्कची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून. साधी साटा एसएसडी पुरे. सगळ्यांत वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर उडवलेल्या पैशांत चांगला माइक स्टँड आणि हेडफोन आले असते. आणि प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. नव्या विंडोजमध्ये 'डॉक्युमेंट्स' बरेचदा तिथेच जोडलेलं असतं, आणि टेक चालू असताना वनड्राइव्ह फाइल इंटरनेटवर चढवायला घेतं. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. काम संपलं की हाताने बॅकअप घ्या.

दोन पिनांचा प्लग

कडकडीनंतरचा दुसरा छळ म्हणजे मागे सतत येणारं 'घूंऽऽ'. यासाठी लोक नॉइज रिमूव्हलचे प्लगइन शोधतात, तेही क्रॅक केलेले. आवाजासोबत गळ्यातला जीवही निघून जातो आणि घूं थोडं उरतंच.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर दिसते. चाचणी दहा सेकंदांची आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवून लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं बंद झालं तर दोष अर्थिंगचा. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला असेल, तर चार्जरमधून झिरपणाऱ्या सूक्ष्म करंटला जमिनीची वाट मिळत नाही. मग तो यूएसबीमार्गे इंटरफेसमध्ये उतरतो. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवताना झिणझिण्या येतात त्या यामुळेच.

तीन पिनांचा प्लग लावूनही फरक नसेल तर बोर्डातच अर्थिंग आहे का ते पाहायला हवं. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की वाशीतली सिडकोची जुनी घरं, सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायर जोडलेली असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच कमी दाखवलं की समजा, तिसरं भोक शोभेचं आहे. हे काम स्वतः करू नका. आणि गुणगुण घालवायला अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुढे कुठलाच सल्ला घेऊ नका.

लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. स्पीकर समोरच्या भिंतीच्या सॉकेटवर आणि लॅपटॉप या भिंतीवर, अशी विभागणी केली की दोन अर्थमधल्या फरकाची गुणगुण येते. स्पीकरच्या केबल बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण कमी पकडणाऱ्या) घ्या. चार्जर काढूनही 'झर्रर्र' असा खरखरीत आवाज राहिला तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर शून्य करून नव्हे, बटणावरून बंद करून बघा. गिटारवाल्यांना हा दोष जास्त सतावतो. तात्पुरता उपाय म्हणून बॅटरीवर रेकॉर्ड करता येतं, पण बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग उतरवतात, तेव्हा बफर २५६ वर न्या.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

ब्लूटूथ हेडफोन लावून गाणं: उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा, वायर लावा.

१९२ किलोहर्ट्झ: फाइल चौपट, प्रोसेसरवर भार चौपट, ऐकणाऱ्याला फरक शून्य. ४८ वर राहा.

स्वस्त यूएसबी हबमधून इंटरफेस: कंडेन्सर माइकला लागणारं ४८ व्होल्टचं फँटम चालू केलं की वीज कमी पडते, थेट लॅपटॉपला जोडा.

फक्त चार्जिंगची केबल डेटासाठी वापरणं: इंटरफेसचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला तो दिसत नाही.

दोन इनपुटचा इंटरफेस आणून तबल्याचा दायाँ, बायाँ, पेटी आणि गळा एकदम रेकॉर्ड करायचा बेत: माइक आधी मोजा, इंटरफेस मग घ्या.

रेकॉर्डिंगच्या दिवशी विंडोज अपडेट: यावर काय बोलायचं!

गेमिंग लॅपटॉपचं भलंमोठं ग्राफिक कार्ड: रेकॉर्डिंगला शून्य उपयोग, पंख्याचा आवाज मात्र माइकमध्ये.

पावसाळा आणि वीज

खाडीलगतच्या ऐरोली, कोपरी, बेलापूरसारख्या भागांत जूनपासून कंडेन्सर माइकमध्ये फुटाण्यासारखा आवाज आला तर तो कॉम्प्युटरचा दोष नव्हे, कॅप्सूलवरच्या ओलाव्याचा आहे. काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवा. डेस्कटॉप वापरत असाल तर ६०० व्हीएचा यूपीएस लावा. वीज गेल्यावर टेक संपवून सेव्ह करण्यापुरता वेळ तो देतो. घरचा स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंग करू नका. पंखेसुद्धा त्यावर गुरगुरतात आणि ती गुरगुर ट्रॅकमध्ये उतरते. सॉफ्टवेअरचं ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते प्रेफरन्सेसमधल्या प्रोजेक्ट विभागात सापडतं.