जुनी देवळं, दरवाजे अन् वाडे अल्ट्रा वाईड लेन्सनं कसे टिपायचे

अल्ट्रा वाईड लेन्स हाती आली की पहिला मोह होतो सगळंच एका फ्रेममध्ये कोंबायचा. मग लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासमोर लांब उभं राहून फोटो काढतात, त्यात अर्धं आभाळ, अर्धं अंगण अन् मधात मंदिर एवढंसं. या लेन्सचं खरं काम आहे वास्तूच्या अगदी जवळ जाऊन, जिथं मागे सरकायला जागाच नाही तिथून फोटो काढायचं, आणि आपल्या विदर्भात अशा जागा पावलोपावली आहेत. वाड्याचा चौक, वस्तीत अडकलेलं हेमाडपंती देऊळ, किल्ल्याचा दरवाजा. किल्ल्याच्या दरवाज्यासमोर तर मुद्दामच वळण ठेवलेलं असतं, हत्तीला धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून, तेव्हा फोटोवाल्यालाही तिथं मागे जाता येत नाही.

आधी लेन्स पाहून घ्या

क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर १०-१८ किंवा १०-२० मिमीची लेन्स, फुल फ्रेम (मोठा सेन्सर) असेल तर १४ किंवा १६ मिमीपासून सुरू होणारी. मोबाईलवर ०.५ किंवा ०.६ लिहिलेला जो कॅमेरा असतो तो साधारण याच गटातला, उजेडात छान चालतो, गाभाऱ्याजवळच्या अंधारात मात्र फोटोत दाणे येतात. फक्त १८-५५ ची किट लेन्स असेल तरी थांबू नका, त्यात काय अडतं ते पुढे कळेलच.

कॅमेरा लेव्हलमध्ये धरा, बाकी सगळं नंतर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हटली तर ही. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की भिंती आत झुकतात आणि देऊळ मागे पडतंय असं दिसतं. अशी चूक सगळ्याच लेन्सनं होते, पण अल्ट्रा वाईडमध्ये थोडकं वाकडं झालं तरी लय दिसतं. सेन्सर भिंतीला समांतर असला की उभ्या रेषा उभ्याच राहतात. कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा, मोबाईलमध्ये ग्रिड लाइन लावा, आणि दरवाज्याची चौकट त्या रेषेशी जुळवा.

आता अडचण अशी की कॅमेरा सरळ धरला की क्षितिज बरोबर मधात येतं, खालची अर्धी फ्रेम जमिनीत जाते अन् वर कळस कापला जातो. त्यावर साधा उपाय म्हणजे कॅमेरा उभा धरायचा आणि खालची जमीन नंतर क्रॉप करून टाकायची. हिशोब करून पाहा: दरवाजा ८ मीटर उंच आहे, कॅमेरा तुमच्या छातीपाशी दीड मीटरवर आहे, क्रॉप सेन्सरवर १० मिमी लावलंय. आडव्या फ्रेममध्ये पूर्ण दरवाजा यायला साडेआठ मीटर मागे जावं लागतं, उभ्या फ्रेममध्ये साडेपाच मीटर पुरतात. किट लेन्सच्या १८ मिमीवर उभ्या फ्रेमला १० मीटर लागतील. म्हणजे जागा असेल तिथं किट लेन्सही चालते, नसेल तिथं नाही. महागडी शिफ्ट लेन्स हेच काम फ्रेम न कापता करते, पण ती घ्यायची गरज सगळ्यांना नाही.

तरीही वर वाकवावंच लागलं तर दोन्ही बाजूंनी भरपूर मोकळी जागा सोडा. नंतर स्नॅपसीड अॅपमध्ये पर्स्पेक्टिव्ह किंवा लाईटरूम अॅपमध्ये अपराईट वापरून रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात, आणि जागा सोडली नसेल तर नेमका कळसच जातो. फार ओढूनताणूनही सरळ करू नका, देऊळ उंच ताणलेलं दिसायला लागतं.

एकाच ठिकाणी हा नियम मोडायचा, बारवेत. सिंदखेडराजासारख्या ठिकाणची बारव काठावरून खाली कॅमेरा झुकवून घ्या, पायऱ्या पाण्याकडे धावत जाऊन एकत्र येतात आणि खोली कळते. कठडा नसेल तर काठापासून दोन पावलं मागेच राहा, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चालायचं तर बिलकूल नाही.

मग जवळ काहीतरी आणा

अल्ट्रा वाईड जवळचं मोठं करते अन् लांबचं लहान. म्हणून समोर जर नुसती मोकळी जमीन असेल तर फोटो रिकामा वाटतो. तिथं एखादा पडलेला कोरीव दगड, वीरगळ (वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड), उंबऱ्याची नक्षी असं काही अर्ध्या-एक मीटरवर घ्या. १० मिमी, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आणि साधारण ७० सेंटीमीटरवर फोकस केला तर क्रॉप सेन्सरवर ३५ सेंटीमीटरपासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, चित्र उलट मऊ पडतं. माणसं कोपऱ्यात उभी करू नका, डोकी लांबोळकी होतात, आणि गोल घुमट किंवा छत्रीही कोपऱ्याकडे गेली की अंड्यासारखी दिसते. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे ना, तिथं कमानी मोजून बरोबर मधोमध उभे राहा, एक पाऊल इकडे-तिकडे झालं तरी दोन्हीकडचे खांब वेगळ्या जाडीचे दिसतात.

आतलं छत

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, यासाठीच ही लेन्स घ्यावी असं मला वाटतं. दैत्यसूदनच्या मंडपाच्या छतावर जी कोरीव कामं आहेत ती उभ्यानं मान वर करून फोटो काढले तर नेहमी तिरपी येतात. दुपट्टा किंवा रुमाल चौपदरी करून मंडपाच्या मधोमध फरशीवर ठेवा, त्यावर कॅमेरा पाठीवर झोपवा, लेन्स सरळ वर. स्क्रीन खाली जाते, त्यामुळे मोबाईलच्या अॅपवरून चौकट पाहा. तसं नसेल तर एक फोटो काढून पाहायचा, कॅमेरा बोटभर सरकवायचा, पुन्हा काढायचा, चारही बाजूंचे खांब सारखे आत आले की जमलं. टायमर १० सेकंदांचा लावा अन् बाजूला व्हा, नाहीतर तुमचंच डोकं कडेला येईल. कॅमेरा जमिनीवर स्थिर आहे, तेव्हा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर दोन-चार सेकंद सहज चालतं, दगडाचा पोत पार कोपऱ्यापर्यंत उतरतो. हातात धरून काढायचं तर आयएसओ १६०० च्या आसपास, १/१५ सेकंद, खांबाला पाठ टेकवून श्वास रोखायचा.

ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकात आधी परवानगी घ्या. देवळात पूजा चालू असेल तर पुजाऱ्यांना विचारा, गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नका, आणि कोणाचा वाडा असेल तर घरातल्या आजीला आधी सांगूनच चौकात उतरा, बहुतेक वेळा चहाही मिळतो.

दगड आणि ऊन

आपल्याकडचा दगड बहुतेक काळा बेसॉल्ट. फ्रेम त्यानंच भरली की कॅमेरा त्याला उजळ करून राखाडी पाडतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे २/३ करा. नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा वेगळा आहे राजेहो, १४८७ सालचा, फिकट वालुकाश्म, कमळं आणि शिलालेखाची अरबी अक्षरं, दगडी जाळ्या. त्याला उलट अधिक २/३ लागतं, नाहीतर मळकट येतो. आतल्या अंधारातून बाहेरचा उजेड दिसत असेल तर एकाच जागेवरून कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन जोडा.

नक्षीसाठी कडेनं येणारं ऊन पाहिजे, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. त्या वेळी सूर्य खाली असतो आणि इतक्या रुंद फ्रेममध्ये तुमची स्वतःची सावली, बॅग, चपला सगळं येतं, क्लिक करायच्या आधी चारही कडांवरून नजर फिरवा. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) काढून ठेवा, एवढ्या रुंद आभाळात तो एका बाजूला गडद पट्टा पाडतो. उन्हाळ्यात तर दहाच्या आत आटपा, अनवाणी पायांना फरशीचे चटके बसतात.

शेवटी एक साधा फोटोही

अल्ट्रा वाईडनं जागा भव्य दिसते पण प्रमाणं बदलतात, आणि या वास्तू झिजत चालल्यात, त्यांची खरी नोंद राहिली पाहिजे. म्हणून प्रत्येक बाजूचा एक फोटो ३५ किंवा ५० मिमीवर, जमेल तितक्या लांबून, सरळ समोरून घ्या, मूर्तीजवळ एखादी मोजपट्टी धरा. घरी आल्यावर फाइलला गाव, तालुका, तारीख आणि भिंतीची दिशा असं नाव द्या, त्याच रात्री द्या, दुसऱ्या दिवशी उत्तरेची भिंत कोणती अन् दक्षिणेची कोणती ते काही केल्या आठवत नाही.