‘बाहेर कोणीतरी थांबलंय’ हे इंग्रजीत कसं सांगायचं

माझ्या संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गात निम्मी मुलं दवाखान्यांच्या नाहीतर लॉजच्या रिसेप्शनवर काम करणारी असतात. त्यांना दिवसभर एकाच जातीची वाक्यं लागतात. बाहेर कोणीतरी थांबलंय, आत्ता आत कोणी नाही, काही प्रॉब्लेम आहे का, आणखी कोणी आहे का. व्याकरणाच्या पुस्तकात ही वाक्यं निम्मी सर्वनामांच्या धड्यात आणि निम्मी ‘देअर’च्या धड्यात विखुरलेली असतात. मी दोन्ही धडे एकत्रच घेते.

आधी ‘देअर’. मराठीत आपण जागेपासून सुरुवात करतो: दारात कोणीतरी आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या आधी कर्त्याची जागा असते आणि ती रिकामी सोडून चालत नाही. पण अनोळखी माणसाला एकदम वाक्याच्या तोंडाशी बसवायलाही इंग्रजी कचरते. म्हणून एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा ‘देअर’ टाकायचा. खरा माणूस ‘इज’च्या मागून येतो. ‘देअर इज समवन ॲट द डोअर.’ या ‘देअर’चा अर्थ ‘तिथे’ असा नाही. ‘तिथे कोणी आहे का?’ विचारायचं तर ‘इज देअर एनिबडी देअर?’ असं दोनदा म्हणावं लागतं. पहिल्यावर जोर नसतो, तो घाईत निसटून जातो. दुसरा म्हणजे खराखुरा ‘तिथे’, तो स्पष्ट ऐकू येतो. हे वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणा, फरक जिभेला कळेल.

‘समवन इज ॲट द डोअर’ चूक नाहीच. पण डोळ्यात काही गेलं की इंग्रज माणूस सहसा ‘देअर्ज समथिंग इन माय आय’ असंच म्हणेल (‘देअर्ज’ म्हणजे ‘देअर इज’चंच आखूड रूप).

आता ‘सम’ की ‘एनी’? मराठी वाक्यात ‘तरी’ आहे का बघा. कोणीतरी, काहीतरी असेल तर ‘सम’. वाक्याच्या शेवटी ‘का?’ असेल तर बहुतेक वेळा ‘एनी’: ‘इज देअर एनिवन इन द वॉर्ड?’ बहुतेक म्हणाले, कारण उत्तर ‘हो’ येणार अशी अटकळ असेल तर प्रश्नातही ‘सम’ येतो. समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसतोय आणि तुम्ही ‘इज देअर समथिंग राँग?’ विचारलंत, तर काहीतरी बिनसलंय हे तुमच्या लक्षात आलंय. ‘इज देअर एनिथिंग राँग?’ ही नुसती चौकशी.

सगळ्यात जास्त घोळ ‘नाही’चा. मराठीतला ‘कोणी’ हा शब्द स्वतः नकारार्थी नसतो. नकाराचं काम सगळं ‘नाही’ करतो, आणि ‘कोणीच’मधला ‘च’ फक्त जोर देतो. इंग्रजीत नकार ठेवायला दोन जागा आहेत. क्रियापदावर ठेवलात तर ‘देअर इजन्ट एनिबडी इनसाइड’. सर्वनामावर ठेवलात तर ‘देअर इज नोबडी इनसाइड’. दुसऱ्यात ठसका थोडा जास्त. दोन्हीकडे ठेवून ‘देअर इजन्ट नोबडी’ म्हणू नका. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही बोलींत ते खुशाल चालतं, पण परीक्षेत आणि ऑफिसात त्याला चूकच धरतात. याच घोळातलं दुसरं वाक्य म्हणजे ‘एनिबडी डिडन्ट कम’. ‘कोणी आलं नाही’ची ती सरळ नक्कल आहे. असा ‘एनी’ नकाराच्या आधी येऊन बसत नाही. ‘नोबडी केम’ म्हणा.

‘एव्हरीवन’ला या रचनेपासून लांब ठेवा. ‘देअर इज एव्हरीवन इन द हॉल’ असं होत नाही, ‘एव्हरीवन इज इन द हॉल’ होतं. ‘देअर’ नव्या गोष्टीची खबर देतो, आणि ‘एव्हरीवन’ म्हणजे आधीच ठरलेला अख्खा घोळका. कोणते शब्द इथे बसतात आणि कोणते नाहीत, यावर भाषाशास्त्रज्ञ गॅरी मिल्सार्क यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आख्खा पीएचडीचा प्रबंध लिहिला, तेव्हा तुम्ही गोंधळलात तर फार वाईट वाटून घेऊ नका. ‘इज’ की ‘आर’ हा प्रश्न मात्र सोपा. मनात पन्नास माणसं असली तरी समवन, एनिबडी, नोबडी यांच्यासोबत ‘इज’ नाहीतर ‘वॉज’च.

विशेषण नामाच्या आधी येतं हे शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं, की मुलं बिनदिक्कत ‘न्यू समथिंग’ म्हणतात. इथे आपल्या मराठी कानाचं ऐका: काहीतरी गोड, काहीतरी वेगळं. तसंच ‘समथिंग स्वीट’, ‘समथिंग डिफरंट’. ‘आणखी कोणी नाही’मधला ‘आणखी’ मात्र इंग्रजीत मागे जातो: ‘देअर्ज नोबडी एल्स’.

रिसेप्शनवाल्यांसाठी खरी मजा सर्वनामाच्या पुढच्या शेपटीत आहे. बाहेर कोणीतरी थांबलंय: ‘देअर्ज समवन वेटिंग आउटसाइड.’ काही उरलं नाही: ‘देअर्ज नथिंग लेफ्ट.’ तुम्हाला भेटायला कोणीतरी आलंय: ‘देअर्ज समवन टु सी यू.’ या शेवटच्या वाक्यात ‘आलंय’साठी क्रियापद शोधत बसायची गरजच नाही. आमच्याकडे एक मुलगी डॉक्टरांना इंटरकॉमवर ‘सर, वन पर्सन हॅज केम’ म्हणायची. आता ‘समवन टु सी यू, सर’ एवढ्यावर भागवते. घाईत ‘देअर्ज’ गाळला तरी चालतं.

‘हो ना?’, ‘आहे का?’ असं शेवटी जोडायचं असेल तर तिथेही ‘देअर’च येतो. ‘नोबडी’त नकार आधीच असल्यामुळे शेपूट होकारार्थी लागतं: ‘देअर्ज नोबडी इनसाइड, इज देअर?’ आणि ‘माझ्याकडे काही नाही’ला ‘देअर’ लावू नका. जवळ असण्याला ‘हॅव’ लागतो, ‘आय हॅव नथिंग’ किंवा ‘आय डोन्ट हॅव एनिथिंग’.

एक जोडी पाठच करून टाका. ‘देअर्ज नथिंग टु डू’ म्हणजे करायला काही नाही, वेळ जात नाही. ‘देअर्ज नथिंग टु बी डन’ म्हणजे आता काही इलाज नाही. लिफ्ट बंद आहे, मेकॅनिक उद्या येणार आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा बॅगा घेऊन काउंटरसमोर उभा आहे. त्याला पहिलं वाक्य ऐकवलंत, तर तो तुम्हालाच बॅगा उचलायला लावेल.