क्रेफिशच्या ओढ्यात उतरताना या चुका टाळा

गोड्या पाण्यातील क्रेफिशची (कोळंबीसारख्या दिसणाऱ्या, नांग्या असलेल्या कवचधारी प्राण्याची) पाहणी करण्यासाठी पुढे येणारे स्वयंसेवक वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच त्या चुका वर्षानुवर्षे होत राहतात आणि त्यांची किंमत प्रत्येक वेळी क्रेफिशला मोजावी लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात, तपासलेल्या जातींपैकी जवळजवळ एक तृतीयांश जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे दिसून आले. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात ओल्या बुटांनी जाणे. युरोपातील क्रेफिशवर १८५९ च्या सुमारास इटलीत पहिल्यांदा जी साथ आली, ती ‘अफॅनोमायसिस अस्टासी’ या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे येते. उत्तर अमेरिकेतील जाती हा रोग अंगावर बाळगूनही सहसा तगून राहतात. युरोपातील जातींची मात्र त्याच्यापुढे अख्खी वस्ती मरून जाते. साथीने ओस पडलेल्या स्वीडनच्या पाण्यात १९६० च्या सुमारास अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश मुद्दाम आणून सोडला गेला, आणि तोच रोगाचा वाहक निघाला. १९७० च्या दशकात तो पैदाशीसाठी ब्रिटनमध्ये आला आणि १९८० च्या दशकात तिथेही साथ पोहोचली. या रोगाचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे पसरण्यासाठी त्यांना क्रेफिशचीच गरज असते असे नाही. ओली जाळी किंवा बुटाला चिकटलेला चिखलही पुरतो.

इंग्लंडच्या उत्तरेकडील एका ओढ्यावर पांढऱ्या नांग्यांच्या स्थानिक क्रेफिशची पाहणी होती. आदल्या दिवशी सिग्नल क्रेफिशच्या नदीत काम केलेला एक गट तिथे आला. बूट जंतुनाशकाने फवारले आहेत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मी एका बुटात हात घातला, तर आतले अस्तर ओलेचिंब होते आणि तळाच्या नमद्यात बोटाने दाबताच पाणी वर येत होते. मी त्यांना पाण्यात उतरू दिले नाही. ‘इतक्या लांबून आलो, आता एवढ्यासाठी परत जायचे का?’ असे त्यांच्यातला एक जण चिडून म्हणाला. होय, परतच जायचे. ज्या ओढ्यात शेकडो वर्षांची वस्ती टिकून आहे, तिथे कुणाच्या वाया गेलेल्या सकाळीला काडीचीही किंमत नाही. फवारणीचा हा झटपट उपाय मला मुळीच मान्य नाही, कारण चिखलाने भरलेल्या शिवणीत आणि नमद्यात औषध पोहोचत नाही. माझी सवय अशी आहे: स्थानिक क्रेफिशचा ओढा आधी, बाहेरून आलेल्यांचा नंतर, आणि दोन्हींसाठी बुटांचे व जाळ्यांचे वेगळे संच. चिखल घासून काढायचा, बूट आतून उलटे करून वाळवायचे, आणि पूर्ण कोरडे झाल्यावरही किमान दोन दिवस तसेच ठेवायचे.

दुसरी चूक सापळ्यांची आहे. ‘सापळे लावून सिग्नल क्रेफिश संपवून टाकू’ असा उत्साह नवशिक्यांत हमखास दिसतो. सापळ्यात प्रामुख्याने मोठे क्रेफिश, त्यातही नर, येतात. अंडी बाळगणाऱ्या माद्या बिळात बसून राहतात आणि लहान पिल्ले जाळीतून निसटतात. लहानांना खाणारे मोठे प्राणीच काढून टाकले की लहानांना मोकळे रान मिळते, आणि पाणमांजराला अडवणारी चौकट नसेल तर तेही सापळ्यात बुडून मरू शकते. इंग्लंडमध्ये सापळ्यासाठी परवानगी लागते आणि पकडलेला सिग्नल क्रेफिश परत सोडणे बेकायदा आहे, हे आधी माहीत असावे.

कात टाकलेले कवच पाहून ‘क्रेफिश मेला’ अशी नोंद करणारेही कमी नाहीत. ते कवच हातात घेतले तर पोकळ आणि हलके लागते, आणि पाठ व शेपटी यांच्यामध्ये उघडी फट दिसते; त्याच फटीतून प्राणी नांग्या, पाय, डोळ्यांवरचे आवरणही सोडवून मागे सरकत बाहेर येतो. कात टाकण्यापूर्वी कवचातील काही चुना तो जठरात दोन पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठवतो, नंतर ते विरघळवून नव्या कवचात वापरतो, आणि पुष्कळदा जुने कवचही खातो. म्हणून पाळलेल्या क्रेफिशच्या टाकीतून ते कवच घाईने उचलून टाकू नये, आणि अंग मऊ असताना त्या प्राण्याला हात लावू नये.

दगड उचलला की होता तसाच परत ठेवावा, मग तो कितीही किरकोळ वाटो. स्थानिक जातीची, पोटाखाली अंडी असलेली मादी दिसली तर तिचे माप न घेता तिला सोडून द्यावे. ओळख केवळ रंगावरून करू नये: पांढऱ्या नांग्यांच्या जातीच्या मानेच्या खाचेमागे काट्यांची ओळ असते, तर सिग्नल क्रेफिशचे खांदे तिथे गुळगुळीत असतात आणि नांगीच्या सांध्यावर पांढरट-निळसर ठिपका असतो.

शेवटची चूक घरच्या टाकीची. मार्बल्ड क्रेफिश नराशिवाय प्रजनन करतो, म्हणजे तळ्यात सोडलेली एकच मादी नवी वस्ती उभी करू शकते. जर्मनीतील हौशी लोकांच्या टाक्यांतून १९९० च्या दशकात ओळख पटलेली ही जात आज मादागास्करमध्ये झपाट्याने पसरली आहे, जिथे इतरत्र कुठेही न आढळणारे स्थानिक क्रेफिश आहेत. नको झालेला प्राणी तळ्यात किंवा नाल्यात सोडणे ही दया नव्हे; तो सांभाळायला तयार असणारा माणूस मिळेपर्यंत घट्ट झाकणाच्या टाकीतच ठेवावा, आणि टाकीचे पाणीही नैसर्गिक पाण्यात ओतू नये.