पुण्याची सिटी बस की इकडची एसटी? ड्रायव्हरच्या पगाराचा हिशोब असा लावा

आपल्या मराठवाड्यातली लई पोरं हेवी लायसन अन् बिल्ला काढून पुण्या-मुंबईच्या सिटी बसवर जायचं बघायलेत, विचारलं तर एकच सांगतात, तिकडं पगार जास्ती आहे. असेल. पण महिन्याच्या शेवटी उरतं किती ते बघायचं असतं, तर वही घ्या अन् बसा.

आधी जाहिरातीतला आकडा सोडा, तिथं काम करणाऱ्या कुणाची तरी पगार स्लिप मागा, दिवाळीच्या आसपासची नको कारण त्यात सण अग्रीम (सणासाठीची उचल) घुसलेला असतो. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वेगवेगळं लिहून घ्या. कपातीत पीएफ दिसेल, मूळ अधिक महागाईच्या १२ टक्के, तो तुमचाच पैसा आहे, बुडाला म्हणून धरू नका. बँकेचा नाहीतर सोसायटीचा हप्ता त्या माणसाचा खाजगी, तो हातातल्या पगारात परत जोडून धरा. ठेकेदाराकडची नोकरी असेल तर पीएफ खरंच भरतात का ते कुणाच्या तरी पासबुकात बघा, तोंडी नको.

आता खरी मेख घरभाड्यात आहे. सातव्या वेतन आयोगाच्या पद्धतीत शहरांचे वर्ग आहेत, मुंबई-पुणे एक्स, छत्रपती संभाजीनगर अन् नांदेड वाय, लातूर-परभणी-बीड झेड. भत्ता सुरुवातीला २४, १६, ८ टक्के होता, महागाई भत्त्याबरोबर तो वाढत जातो म्हणून स्लिपवरचाच धरा, पण समजायला २५,००० मूळ घेऊ: पुण्यात ६,०००, नांदेडात ४,०००, लातुरात २,०००. म्हणजे पुणे तुम्हाला लातूरपेक्षा ४,००० जास्ती देतंय, अन् दोन्हीकडच्या खोलीच्या भाड्यातला फरक त्याच्यावर गेला की वरचे पैसे तुमच्या खिशातून. अन् भाडं विचारायचं ते डेपोजवळचं, कारण पहाटेची पहिली गाडी तुम्हीच काढणार, तुम्हाला डेपोत सोडायला कोणती बस येणार आहे?

ते इंटरनेटवरचे राहणीमान खर्चाचे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, त्यात कॅफेतली कॉफी अन् जिमची फी असते, ज्वारी अन् शाळेची रिक्षा नसते. काही जण महागाई निर्देशांक काढून दाखवतात, पुण्याचा एवढा अन् सोलापूरचा एवढा, तर बाबांनो तो आकडा २०१६ ला १०० धरून त्या-त्या शहरात भाव किती चढले एवढंच सांगतो, कोणतं शहर महाग ते सांगतच नाही. आपली यादी आपणच करायची: भाडं, लाईट, किराणा, शाळा, दवाखाना, पेट्रोल. इकडचं गणित करताना पाणी विसरू नका, टँकर अन् जारचा खर्च आपल्या शहरांत उन्हाळ्यात काय होतो माहितीय (२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं राव). उलट गावाकडून तूरडाळ-ज्वारी घरची येत असेल तर तेही पैशातच मांडा.

मग तास. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता (२०२५ ला त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), त्यात साधारण दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, वरच्या तासाला दुप्पट दर. पण सिटीत सकाळी ४ तास, संध्याकाळी ४ तास अशी तुटक ड्युटी लागली की मधला वेळ पगारात नाही अन् घरीही जाता येत नाही. म्हणून घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास मोजा. समजा सगळा खर्च जाऊन लातुरात ११,७०० उरले अन् महिन्याचे २३४ तास गेले, तासाला ५० झाले. पुण्यात १३,००० उरले पण ३२५ तास गेले, ४० च झाले. आकडे नुसते समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही भरा. इकडं मुक्कामी गाडी असेल तर रात्रवस्तीचा भत्ता बेरजेत धरा, पण ती रात्रही घराबाहेरचीच धरा.

अन् एकटेच जाणार, कॉट बेसिसवर (खोलीतली नुसती एक खाट भाड्यानं घेऊन) राहणार अन् लेकरं गावाकडंच ठेवणार असाल तर गणित बदलतं, तिकडचं भाडं कमी होतं पण चुली दोन होतात. मेसचे पैसे लिहा, घरी पाठवायचे लिहा अन् गावी यायचं-जायचं भाडं वर्षाचं धरून १२ नं भागा, दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले काय घेतात ते धरूनच.