स्विच हॅक करायला निघालात? या चुका टाळा

महिन्याला दोन-तीन तरी मेलेले निन्टेंडो स्विच (हातात धरून खेळायचे गेम कन्सोल) दुरुस्तीला माझ्या टेबलावर येतात. सोबत ठरलेलं वाक्य: "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला." आपोआप काही होत नाही हो. सात मिनिटांचा व्हिडिओ दीडपट वेगाने बघून कामाला लागलेलं असतं कोणीतरी.

पहिली चूक विकत घेतानाच होते. जुना स्विच सॉफ्टवेअरने उघडता येतो, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून त्यावर बाहेरचे प्रोग्रॅम चालवता येतात, कारण त्याच्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूटरॉममध्ये, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमध्ये, चूक राहून गेली होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये ती जगजाहीर झाली. बूटरॉम कारखान्यातून बाहेर पडल्यावर बदलता येत नाही, म्हणून विकले गेलेले सगळे कायमचे उघडे राहिले. त्याच वर्षाच्या मध्यापासून बनलेल्यांत ती चूक बुजवलेली आहे. स्विच लाइट, स्विच ओलेड आणि २०१९ पासूनचा जास्त बॅटरीवाला स्विच यांना तर आत चिप सोल्डर करावी लागते. त्यामुळे सेकंडहँड विकणारा "भाऊ, हॅक होतो" म्हणाला की आधी सिरियल नंबरचा फोटो मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर तिथेच राम राम घाला.

आता माझं दुखणं. बॅकअप, म्हणजे कन्सोलच्या अंतर्गत मेमरीची जशीच्या तशी प्रत.

नाशिकहून एक मुलगा आला होता, बारावीतला. जुना, उघडा स्विच. स्क्रीन काळी.
"दादा, फाईल टाकली आणि असं झालं."
"कोणाची फाईल?"
"टेलिग्रामवर घेतली. पाचशे रुपये. चालू कन्सोलची आहे म्हणाला, व्हिडिओपण पाठवला त्याने."

चालू कन्सोलचीच असणार, पण त्या माणसाच्या! प्रत्येक स्विचच्या अंतर्गत मेमरीला त्याच्याच किल्ल्यांचं कुलूप असतं आणि त्या किल्ल्या त्याच्याच चिपमध्ये असतात. शेजाऱ्याची मेमरी तुमच्या स्विचमध्ये ओतणं म्हणजे शेजाऱ्याचं कुलूप आपल्या दाराला लावून आपली चावी फिरवत बसणं.

पोराने स्वतःचा बॅकअप घेतला होता, हे विशेष. हेकाटे नावाच्या प्रोग्रॅममधून, सगळा, दोन-दोन जीबीचे पंधरा तुकडे. पण ठेवला कुठे? त्याच मेमरी कार्डवर. मग गेम मावेनात म्हणून कार्ड फॉरमॅट केलं आणि वर फुटबॉलचा गेम चढवला. मी दोन रात्री रिकव्हरी चालवली. अकरा तुकडे धड मिळाले. गेलेल्या चारांत पहिला होता, आणि त्या कन्सोलची स्वतःची ओळख, म्हणजे प्रॉडइन्फो, पहिल्याच तुकड्यात असते. बाकीचे चौदाही सापडले असते तरी उपयोग नव्हता. त्याचे जॉयकॉन (बाजूचे कंट्रोलर) तेवढे कोणाला तरी विकून दिले.

तेव्हापासून बॅकअप घेतला की मी तो आधी लॅपटॉपवर काढतो, मग पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्हला कन्सोलच्या सिरियल नंबरची चिठ्ठी चिकटवतो. बूट०, बूट१ (कन्सोल सुरू करणारे मेमरीचे दोन छोटे भाग) आणि किल्ल्यांची फाईलही सोबतच. वेळ जातो, जाऊ दे. ज्याला अर्धा तास बसवत नाही त्याने पत्ते खेळावेत. ३२ जीबीच्या कार्डवर हे करू नका, बॅकअप एका दमात मावत नाही. ६४ घ्या, आणि घेतल्या घेतल्या एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने तपासा. स्वस्तातलं "५१२ जीबी" कार्ड पुष्कळदा आतून ३२ चंच निघतं, वरचं सगळं हवेत लिहिलं जातं.

कार्ड फॉरमॅट फॅट३२ मध्येच करा. एक्सफॅट असलं आणि होमब्रू (बाहेरचं घरगुती सॉफ्टवेअर) मध्येच कोसळलं की फाइली खराब होतात.

फसवणुकीचं मूळ एकच, फुकट मिळणारी गोष्ट विकत घेणं. हॅक केलेला स्विच चालवणारं ॲटमॉस्फिअर फुकट आहे, हेकाटे फुकट आहे. तेच काम करणारं एसएक्स ओएस मात्र लायसन्सचे पैसे घेऊन विकलं जायचं. त्यात कोणी छेडछाड केल्याचा वास आला तर कन्सोलची मेमरीच कुलूपबंद करणारा कोड होता. पैसे मोजून घेतलेला टाइमबॉम्ब. ते बनवणाऱ्या टीम एक्झेक्युटर या टोळीतल्या गॅरी बाउझरला २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. तरी आजही "लाइफटाइम ॲक्टिव्हेशन" विकणारे भेटतात आणि घेणारेही.

"फक्त पेनड्राइव्ह लावा, कुठलाही पीएस५ (प्लेस्टेशन ५) जेलब्रेक, म्हणजे हॅक," म्हणणाऱ्यांची जातही तीच. फाईल हवी तर आधी तीन ॲप उतरवा, सर्व्हे भरा, माणूस आहात हे सिद्ध करा. फाईल शेवटपर्यंत येत नाही. प्लेस्टेशनमध्ये सगळं फर्मवेअरच्या, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीच्या आकड्यावर अडतं. पीएस४ ला ९.०० चा मार्ग ९.०० लाच. अपडेट दाबलं की मागे येता येत नाही, म्हणून ऑटो-अपडेट आधी बंद करा.

ही फसवणूक आपल्याकडे जुनीच. व्हिडिओगेमच्या काडतुसावर "९९९९९९९ इन १" छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-दहा गेम नावं बदलून. आम्ही घ्यायचोच.

हॅक केलेला कन्सोल ऑनलाइन नेऊ नका. बंदी त्या यंत्रावर येते, नवं खातं काढून उठत नाही. पायरेटेड गेमची चौकशी माझ्याकडे करू नका. कॉपीराइट कायद्यातलं कलम ६५ए २०१२ च्या दुरुस्तीने आलंय: हक्कभंगाच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

बॅटरी चिकटवलेली असते. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा.

स्विचच्या मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात. त्यांना साधा फिलिप्स लावला की डोकी झिजतात आणि मग मला ड्रिल काढावं लागतं. त्याचे वेगळे पैसे घेतो.

आणि कन्सोल ऑनलाइन विकताना समोरचा म्हणाला, "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील," तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकून बसलाच असाल तर हे वाचत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.