अल्सरच्या अँटीकोलिनर्जिक गोळ्या घेताना या चुका टाळा

पोटातली कळ थांबली म्हणजे अल्सर भरला, हा या गोळ्यांबाबतचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. प्रोपॅन्थेलीन, ग्लायकोपायरोलेट यांसारखी अँटीकोलिनर्जिक औषधं शरीरात नसांचे संदेश पोचवणाऱ्या असिटाइलकोलीन या रसायनाचं काम अडवतात. त्यामुळे जठरात आम्ल थोडं कमी तयार होतं, पोटाची आणि आतड्यांची हालचाल मंदावते, कळा कमी होतात. पण व्रण या गोळ्यांनी भरतो असं सिद्ध झालेलं नाही. मुख्य उपचाराला जोड म्हणूनच त्या दिल्या जातात, आणि आता तर फारशा दिल्याही जात नाहीत.

मुख्य उपचार कारणावर असतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधून काढला. त्यासाठी २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा जंतू आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामकं ही अल्सरची दोन मोठी कारणं. जंतू असेल तर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स आणि सोबत आम्ल दाबणारी गोळी लागते. कळ थांबली म्हणून हा कोर्स अर्धवट सोडायचा आणि कळेची गोळी तेवढी चालू ठेवायची, हा उलटा कारभार बरेच जण करतात. दुसरीकडे गुडघेदुखीसाठी वेदनाशामक चालूच असतं आणि डॉक्टरांना ते सांगितलेलंही नसतं.

जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या पुन्हा आणणं किंवा घरातल्या दुसऱ्याच्या गोळ्या घेणं ही त्याहून धोक्याची चूक. असिटाइलकोलीन फक्त पोटात नसतं. डोळे, मूत्राशय, हृदय, लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी, सगळीकडे त्याचं काम चालतं, त्यामुळे गोळीचा परिणामही सगळीकडे होतो. अरुंद कोनाचा काचबिंदू, वाढलेल्या प्रोस्टेटमुळे अडखळणारी लघवी, जठराच्या तोंडाशी किंवा आतड्यात अडथळा, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार), तीव्र अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा), यांपैकी काही असेल तर या गोळ्या टाळतात. छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणं ही मुख्य तक्रार असेल तरी डॉक्टरांना आधी सांगा. जठर उशिरा रिकामं होत असल्याने ती तक्रार वाढू शकते.

वेळेतही चूक होते. बहुतेक जण जेवण झालं की सगळ्या गोळ्या एकदम घेतात. पण प्रोपॅन्थेलीन जेवणाआधी साधारण अर्धा तास आणि रात्री झोपताना घ्यायची असते. ग्लायकोपायरोलेट जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. स्निग्ध जेवणासोबत ती नीट शोषली जात नाही. अँटासिडही एकाच घोटात घेऊ नका, दोन्हींत अंतर ठेवा. आणि गोळीचा परिणाम जाणवत नाही म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका. आधी वेळ बरोबर आहे का ते पाहा.

आता होणारे त्रास. तोंड कोरडं पडणं अगदी नेहमीचं: थोडं थोडं पाणी प्या, साखर नसलेलं च्युइंगगम चघळा. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, म्हणून दातांकडे लक्ष हवं. जवळचं अक्षर पुसट दिसत असेल किंवा झापड येत असेल तर गाडी चालवू नका. बद्धकोष्ठतेला पाणी आणि तंतुमय आहार पुरतो, पण शौच आणि वारा दोन्ही बंद होऊन पोट फुगलं तर घरगुती उपाय करत बसू नका. लघवी तुंबली, डोळा दुखून लाल झाला, दिव्याभोवती वलयं दिसू लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उन्हाचा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. या गोळ्यांनी घाम कमी येतो, म्हणजे शरीराचा थंड होण्याचा मार्गच आखडतो. कडक उन्हात कष्टाचं काम करताना अंग कोरडं आणि तापलेलं वाटलं तर लगेच सावलीत जा, अंग गार करा आणि वैद्यकीय मदत घ्या. वयस्कर माणसांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते: अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, विसरणं. घरच्यांना ते वयाचं वाटतं, आणि नुकतीच सुरू झालेली गोळी कुणाच्या लक्षातच येत नाही.

सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावरची औषधं हाच परिणाम करतात. एकत्र आली की त्रास वाढतो. पोटॅशियम क्लोराइडची गोळी चालू असेल तर नक्की सांगा. हालचाल मंदावलेल्या आतड्यात ती एकाच जागी रेंगाळून तिथे जखम करू शकते.

कळ दबलेली असली तरी काळी, डांबरासारखी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोटात अचानक उठलेली असह्य वेदना ही रक्तस्रावाची किंवा अल्सर फुटल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी गोळी घेऊन वाट पाहायची नाही, थेट रुग्णालयात जायचं.

एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. याच गटातल्या क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड हे चिंता कमी करणारं औषध असलेली मिश्र गोळी बरेच दिवस चालू असेल, तर तीही स्वतःहून एकदम बंद करू नका. त्यातल्या दुसऱ्या औषधाची सवय लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावं लागतं.